वॉल्टर प्रॅट कोणाच्या युद्धात मेला?

दर फेब्रुवारीत, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून कुजत असताना, आमच्या वाचनालयात एकच प्रश्न पंचवीस-तीस तोंडांनी यायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिका आधी तटस्थ राहिली, मग मित्रराष्ट्रांच्या बाजूने का उतरली? हायस्कूलचे इतिहासाचे मास्तर वर्षानुवर्षं हाच निबंध लिहायला लावत आणि त्यांना दुसरा विषय सुचण्याचं काही लक्षण दिसत नव्हतं. मी रेफरन्स डेस्कवर बसायचे. मुलाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात शेल्फकडे गेलेला असायचा.

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी एकवीस वर्षं नोकरी केली. ‘म्हणजे पुस्तकं देता-घेता का?’ असं पुण्याला गेलं की हमखास विचारलं जायचं. पुस्तकं देणारा-घेणारा काउंटर वेगळा. रेफरन्स डेस्कवर लोक प्रश्न घेऊन येतात आणि उत्तर कुठे सापडेल ते आम्ही शोधून देतो. टर्की किती तास भाजायची, शेजाऱ्याचं झाड आपल्या छपरावर वाकलं तर फांदी कोणी तोडायची, असलं काहीही. एक शेतकरी दर उन्हाळ्यात बरणीत किडा घालून आणायचा आणि हा कोणता ते विचारायचा. एकदा तो बरणी विसरून गेला आणि आमच्या नव्या मदतनीस बाईंनी ती लोणचं समजून फ्रिजमध्ये ठेवली. एक गृहस्थ रोज सकाळी फोन करून ‘संशोधनासाठी’ एखादा सात अक्षरी शब्द मागायचे. त्यांचं संशोधन वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर आडवं-उभं चालतं, हे आम्हाला माहीत होतं. त्यांनाही आम्हाला माहीत असल्याचं माहीत होतं.

या कामाचे दोन नियम होते. माणसाला ही माहिती का हवी आहे हे विचारायचं नाही, आणि त्या माहितीवर आपलं मत द्यायचं नाही. कायदा, औषध आणि कर यांच्या बाबतीत तर फक्त पान उघडून द्यायचं, त्याचा अर्थ सांगायचा नाही. आलेला प्रत्येक प्रश्न मात्र तारीख घालून डेस्कवरच्या जाड वहीत लिहून ठेवायचा. मला हे नियम फार आवडत. भाऊबंदकीत आणि वाड्यातल्या भांडणांत बालपण गेलेल्या बाईला, जिथे कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही अशी नोकरी म्हणजे माहेरपणच होतं.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या मुलांना मी चार पुस्तकं द्यायचे. एकाच्या मते अमेरिका युद्धात उतरली ती जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवली म्हणून. दुसऱ्याच्या मते जर्मनीने मेक्सिकोला चिथावणारी गुप्त तार पाठवली म्हणून. तिसऱ्याचं म्हणणं, इंग्लंड-फ्रान्सशी व्यापार एवढा वाढला होता की ते हरले असते तर अमेरिकाच बुडाली असती. चौथ्याचं म्हणणं, भाषा एक, रक्त एक, तेव्हा आज ना उद्या जायचंच होतं. ‘मिसेस साठे, यातलं बरोबर कोणतं?’ असं मुलं विचारायची. ‘ते तू ठरवायचंस,’ असं मी म्हणायचे. माझी मुलगी केतकी त्या वर्गात गेली तेव्हा तिनेही स्वयंपाकघरात विचारून पाहिलं. “आई, जस्ट टेल मी ना. आय वोन्ट टेल एनीवन.” तिलाही मी चार पुस्तकंच दिली. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

घरीदारीही माझं तसंच होतं. गणपती तिथीला बसवायचा की सोयीच्या शनिवारी, यावरून आमच्या भागातल्या मराठी मंडळींत दोन तट पडले. श्रूजबरीचे एकीकडे आणि बॉस्टनचे दुसरीकडे. मी दोन्हीकडे मोदक पाठवले. इथे येऊन चौदा वर्षं झाली तरी मी अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं नव्हतं. माझे यजमान वसंत कधीच नागरिक होऊन मतदान करायला लागले होते. मी ग्रीन कार्डवरच होते, भारताचा पासपोर्ट कपाटात जपून ठेवून. कोणी विचारलं की ‘बघू’ म्हणायचे. या बघूचं मला तेव्हा कौतुक वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या गावाने युद्धस्मारक नव्याने उभारायचं ठरवलं. जुना दगड तडकला होता आणि त्यावर व्हिएतनाममध्ये गेलेल्यांची नावं नव्हती. नवा मोठा दगड आणून त्यावर सगळ्या युद्धांत मेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरायची होती. त्यासाठी एक समिती नेमली गेली. आणि त्या शरद ऋतूत एक दिवस मिस प्रॅट माझ्या डेस्कवर आल्या.

मिस विनिफ्रेड प्रॅट पंचाहत्तरी उलटलेल्या होत्या. बारीक, ताठ, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी चाळीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलं होतं. त्यांचा थोरला भाऊ वॉल्टर सतराव्या वर्षी घरातून निघून कॅनडात गेला, तिथल्या सैन्यात भरती झाला आणि फ्रान्समध्ये मेला. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा सहा महिने बाकी होते.

“पहिला दगड बसवला तेव्हा आई गेली होती त्याचं नाव सांगायला,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, तुमचा मुलगा आमच्या युद्धात मेलेला नाही. अजून सहा महिने थांबला असता तर नाव घातलं असतं. मी आईचा हात धरून उभी होते. आता मी म्हातारी झाले, मिसेस साठे. माझ्यामागे त्याला ओळखणारं कोणी नाही. मला फक्त त्याचं नाव तिथे हवंय.”

पुरावा काहीच नव्हता. पत्रं आईने जाळली होती. मी खुणेचं काही आठवतं का विचारलं, तर त्या म्हणाल्या, “चौदाव्या वर्षी गिरणीत त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक गेलं. मला तो त्याच करंगळीने गुदगुल्या करायचा.” मी तारीख घालून ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि ओटावाच्या सरकारी अभिलेखागाराला पत्र टाकलं.

त्याच आठवड्यात मिस्टर लॉम्बर्डही आले. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्यांचं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून आलेला, उंच, मोजकं बोलणारा माणूस. वाचनालयाचं कुलूप बिघडलं तर स्वतः येऊन बसवून द्यायचे आणि बिल पाठवायचे नाहीत. स्मारक समितीचे ते प्रमुख. “प्रॅटबाईंच्या भावाबद्दल काही कागद आला तर समितीलाही हवा आहे,” एवढंच म्हणाले.

लॉम्बर्डांबद्दल गावाला ठाऊक असलेली आणि कोणी न बोलणारी एक गोष्ट होती. त्यांचा एकुलता मुलगा पॉल व्हिएतनामच्या वेळी सक्तीची भरती टाळायला कॅनडात, टोरोंटोला, निघून गेला होता. पुढे सरकारने अशा सगळ्यांना माफी दिली. लॉम्बर्डांनी दिली नाही. पंधरा वर्षांत बापलेक बोलले नव्हते. दुकानात कोणी ‘कॅनडा’ म्हटलं तरी ते आतल्या खोलीत जाऊन खिळे मोजायला लागत, असं त्यांचा नोकर सांगायचा.

सात-आठ आठवड्यांनी ओटावाहून भरतीच्या फॉर्मची फोटोकॉपी आली. दोन पानं, बारीक, फिकट अक्षर. नियमाप्रमाणे मी दोन संच केले, एक प्रॅटबाईंना, एक लॉम्बर्डांना, आणि मूळ प्रत फायलीत ठेवली. दोन्ही पक्षांना एकाच दिवशी एकच कागद दिला याचा मला अभिमानही वाटला. खरं सांगते, घरी जाऊन वसंतला तो बोलूनही दाखवला.

मिस प्रॅटना वाचता येईना म्हणून मी पहिलं पान मोठ्याने वाचलं. नाव वॉल्टर प्रॅट. वय एकोणीस. जन्मस्थळ सेंट जॉन, कॅनडा. जवळची नातेवाईक, मावशी, सेंट जॉन.

“जन्मस्थळ पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि उठल्या. “आईचं नावसुद्धा दिलं नाही त्याने,” असं म्हणून निघून गेल्या. दुसरं पान तसंच राहिलं. ते मीही वाचलं नाही. तेवढ्यात बरणीवाला शेतकरी आला होता.

त्या काळी अमेरिका तटस्थ असल्यामुळे परक्या सैन्यात जाणाऱ्या अमेरिकन पोरांना खोटं बोलावंच लागे आणि भरती करणारे अधिकारी त्याकडे काणाडोळा करत, हे मला माहीत होतं. चार पुस्तकांतल्या एकात होतं ते. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, हा तर आमचा नियम.

न्यू इंग्लंडमधल्या गावांचा कारभार आपल्या ग्रामसभेसारख्या एका सभेत चालतो. तिला टाउन मीटिंग म्हणतात. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी, हायस्कूलच्या जिममध्ये सगळं गाव जमतं. गावाचा नोंदलेला मतदार असेल त्या प्रत्येकाला बोलायचा आणि मत द्यायचा हक्क. दारात मतदारयादीवर खूण करून घेतात. मतदार नसलेल्यांसाठी बाजूला दोरी बांधून थोड्या खुर्च्या ठेवतात. तिथून बोलायचं तर हात वर करायचा, मग सभेची परवानगी मिळाली तरच. मी त्या दोरीच्या आत बसले होते, कारण वाचनालयाच्या गळक्या छपराचा ठराव त्याच दिवशी होता आणि आमच्या संचालकांनी मला आकडे घेऊन यायला सांगितलं होतं.

वॉल्टरचं नाव दगडावर कोरायचा ठराव छपराच्या आधी आला. मिस प्रॅट उठल्या. “तो माझा भाऊ होता,” एवढं म्हणून खाली बसल्या. मग लॉम्बर्ड उठले. त्यांनी कागद वर धरला.

“कोणी एक वॉल्टर प्रॅट कॅनडाच्या सैन्यात होता, हे खरं. पण तो म्हणतो माझा जन्म कॅनडातला. वय वेगळं. आईचं नाव नाही. आपल्या गावात जन्मलेला वॉल्टर हाच, याला पुरावा काय? प्रॅट आडनावाची माणसं तिकडेही पुष्कळ असतील. आणि आपलाच असला तरी, आपला देश तेव्हा युद्धात नव्हता. या दगडावर देशाने बोलावल्यावर गेलेल्यांची नावं आहेत. ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवायचं म्हटलं तर…” वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. ते कोणाबद्दल होतं हे सगळ्या जिमला कळलं.

छपराच्या आकड्यांबरोबर वॉल्टरची फाइलही मी आणली होती, ती सहज उघडली. दुसरं पान पहिल्यांदाच वाचलं. तो डॉक्टरी तपासणीचा भाग होता. उंची, डोळ्यांचा रंग, आणि शेवटी ‘खुणा’ या रकान्यात एकच ओळ. डाव्या करंगळीचं टोक नाही.

ही खूण कागद येण्याच्या दोन महिने आधी मिस प्रॅटनी मला सांगितली होती आणि ती माझ्या हस्ताक्षरात, तारखेसकट, वहीत होती. दोन्ही गोष्टी माहीत असलेलं त्या जिममध्ये एकच माणूस होतं आणि ते दोरीच्या आत बसलं होतं. हात वर करायला किती वेळ लागतो? मी केला नाही. मनात म्हटलं, आपण परक्या देशाच्या नागरिक, यांच्या दगडाशी आपला काय संबंध. मग म्हटलं, डेस्कवरच्या बाईने बाजू घेतली तर उद्या तिच्या उत्तरावर विश्वास कोण ठेवील. आणि सगळ्यांत खाली, जे मी बरीच वर्षं कबूल केलं नाही ते असं, की पुढचा ठराव छपराचा होता आणि लॉम्बर्डांच्या शब्दाला गावात वजन होतं. तटस्थपणाला आपण तत्त्वाचं नाव देतो, पण तळाशी बहुतेक वेळा असं एखादं छप्पर असतं.

ठराव पडला. त्यानंतर पाच मिनिटांत छप्पर मंजूर झालं. लॉम्बर्ड त्याच्या बाजूने दोन शब्दही बोलले.

दुसऱ्या दिवशी मी मिस प्रॅटच्या घरी गेले आणि दुसरं पान वाचून दाखवलं. मग त्यांनी आपल्याच करंगळीकडे पाहिलं.

“काल तुम्हाला हे माहीत होतं?”

“तिथेच वाचलं. ठराव चालू असताना.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

मी माझे नियम सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. मध्ये बोलायचं नाही हा आमचाही नियम होता. पण घराला आग लागली म्हणून कोणी ओरडत असलं, तर मी नियम घेऊन बसले नाही कधी.” त्या उठून चहा करायला गेल्या. इतकी शरम मला आयुष्यात दोनदाच वाटली असेल आणि दुसरी वेळ सांगण्यासारखी नाही.

त्या आठवड्यात मी नागरिकत्वाचा अर्ज भरला. वसंत म्हणाला, “चौदा वर्षं मी सांगतोय तेव्हा ऐकलं नाहीस. आता एका दगडासाठी?” मी म्हटलं, हो. केतकी म्हणाली, “आई, यू आर टेकिंग साइड्स? यू?” तिच्या आवाजात टिंगल होती, पण त्या रात्री तिने मला अमेरिकेच्या राज्यघटनेवरचे प्रश्न विचारून तयारी करून घेतली. शपथेच्या दिवशी, गरज पडली तर या देशासाठी शस्त्र हाती घेईन, असंही म्हणावं लागलं. साडी नेसलेल्या पंचेचाळिशीच्या बाईने म्हणायचं हे वाक्य नव्हे, पण म्हटलं. घरी येऊन जुना पासपोर्ट काढून पाहिला आणि थोडी रडले. हेही झालं.

ठराव पुन्हा सभेपुढे आणायला दहा मतदारांच्या सह्या लागतात. वाचनालयात सह्या गोळा करणं बरोबर नव्हतं, म्हणून दोन शनिवार मी पोस्टाच्या बाहेर ओव्हरकोट घालून उभी राहिले. पहिली सही मिस प्रॅटची, दुसरी माझी. वसंतने तिसरी केली आणि गाडीत जाऊन बसला. बाकीच्या सात सह्यांना दोन शनिवार लागले, कारण लॉम्बर्डांना दुखवायची कोणाची इच्छा नव्हती. शब्दकोड्यांच्या संशोधकाने मात्र न वाचताच सही केली.

पुढच्या मेमध्ये मी दारातल्या यादीवर खूण करून दोरीच्या बाहेरच्या खुर्चीत बसले. माझ्या मांडीवर डेस्कची वही होती. लोकांचे प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, म्हणून मिस प्रॅटची परवानगी आधीच घेतली होती. ठराव पुकारला गेला तेव्हा उठले.

आधी वहीतली नोंद वाचली, तारखेसकट. मग ओटावाच्या पत्रावरची तारीख, मग दुसरं पान. जिममध्ये चुळबुळ झाली. मागून कोणीतरी विचारलं, “मग जन्मस्थळ खोटं का लिहिलं?”

“माझ्या पासपोर्टवर माझी जन्मतारीख एक जून आहे,” मी म्हटलं. “तुमच्या सरकारने मला दिलेल्या नागरिकत्वाच्या कागदावरही तीच आहे. मी जन्मले श्रावणात, म्हणजे ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. शाळेत घालताना वय बसेना म्हणून गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गात निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली होती. महाराष्ट्रात अशी लाखो माणसं आहेत आणि ती सगळी खरीच जन्मलेली आहेत. दार उघडावं म्हणून माणूस फॉर्मवर जे लिहायला लागतं ते लिहितो. वॉल्टरचा देश तटस्थ होता. खरं लिहिलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं. खरी फक्त एक गोष्ट त्या कागदावर राहिली, ती म्हणजे त्याचा हात. तो काही त्याला बदलता येत नव्हता.”

लोक हसले. सभा चालवणारे मॉडरेटर म्हणाले, “बाई, ते इमिग्रेशनवाल्यांना नका सांगू.” पुन्हा हसू झालं. मिस प्रॅट हसत नव्हत्या. त्या लॉम्बर्डांकडे पाहत होत्या.

लॉम्बर्ड उठले. “हा तोच मुलगा, हे मी मान्य करतो,” ते म्हणाले. “मला एकच विचारायचंय. त्याला देशाने बोलावलं नव्हतं. मग तो का गेला?”

अमेरिका युद्धात का उतरली, या प्रश्नाला मी इतकी वर्षं चार पुस्तकं देत आले होते. एका मुलाचं कारण कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “त्याच्या बहिणीलाही नाही. देश का उतरला याबद्दलही शहाण्या माणसांचं एकमत नाही. मला एवढंच दिसतं, की हा मुलगा आधी गेला आणि मग सगळा देश त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. तेव्हा त्याची चूक झाली असं तरी आपल्याला म्हणता येणार नाही. आणि तो का गेला हे कळल्यावरच त्याला आपला म्हणायचं, अशी अट आपण घालू नये. घरातून निघून गेलेल्या मुलांची कारणं घरच्यांना बहुतेक वेळा कळत नाहीत.”

हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेल्यावर ते कुठे जाऊन लागलं हे मला दिसलं. लॉम्बर्ड हळूच खाली बसले. आपण एका सभ्य माणसाला चारचौघांत जखम केली, असं वाटून मला पुढचं काही नीट ऐकू येईना.

मत उभं राहून द्यायचं होतं. बाजूने कोण, म्हटल्यावर मी उठले. मिस प्रॅट काठीवर भार देऊन उठल्या. आमच्या पुढच्या रांगा उठल्या, मग मागच्या. मोजणारे रांगांतून फिरले. मग मॉडरेटर म्हणाले, विरुद्ध कोण? इकडे-तिकडे थोडी माणसं उठली. लॉम्बर्ड आधीही उठले नव्हते, आताही उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर पाहत बसून राहिले. ठराव मंजूर झाला.

उन्हाळ्यात दगड बसला. नावं आडनावांच्या क्रमाने होती, म्हणून वॉल्टर मधेच कुठेतरी आला, वेगळी काही खूण नाही, देशाचं नाव नाही. मिस प्रॅटना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी बोटांनी वाचली. नंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात मी काही वेळा जाऊन बसायचे. पहिल्या सभेतल्या माझ्या गप्प बसण्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी मात्र त्या वर्षाचा हिशोब अजून मनातून पुसू शकलेले नाही. त्यांच्या उरलेल्या थोड्या वर्षांतलं एक अख्खं वर्ष माझ्यामुळे गेलं.

दगड बसल्यावर थोड्याच दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी वाचनालय नुकतंच उघडलं होतं. मिस्टर लॉम्बर्ड डेस्कसमोर येऊन उभे राहिले. त्या सभेनंतर आम्ही बोललो नव्हतो. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी तयार होते.

“तुमच्याकडे बाहेरगावच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या असतात ना?” ते म्हणाले.

“कोणतं शहर?”

त्यांनी हातातली टोपी या हातातून त्या हातात घेतली. “टोरोंटो.”

मी खालच्या कपाटातून ती जाडजूड डिरेक्टरी काढली. दोन वर्षांपूर्वीची होती, तसं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट वरून खाली गेलं आणि थांबलं. मी एक चिठ्ठी आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि टायपरायटरकडे वळून काहीतरी काम असल्यासारखं केलं. त्यांनी आकडे उतरवून घेतले, पुन्हा एकेक ताडून पाहिले आणि चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. डिरेक्टरी बंद केली तरी ते गेले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.

“तिकडे आत्ता किती वाजले असतील?” त्यांनी विचारलं.

“इथे वाजलेत तेवढेच,” मी म्हटलं. “नऊ वाजून दहा मिनिटं.”